ऐच्छिक रकाना

लॉ कॉलेजच्या अर्जाच्या शेवटी एक रकाना होता. ‘आणखी काही सांगायचं असल्यास’, आणि पुढे ‘ऐच्छिक’. ब्रिटा निएमेलाने तो तीनदा भरला आणि तीनदा पुसला.

बाकीचा अर्ज दृष्ट लागावी असा होता. फक्त कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ती दोन विषयांत चक्क नापास झाली होती.

सल्लागार ग्वेन टॉलिव्हर असे अर्ज वाचता वाचता म्हाताऱ्या झाल्या होत्या. “अगं, दोन विषयांत नापास आणि वर चकार शब्द नाही? ते सरळ बाहेर ठेवतील तुला,” त्या म्हणाल्या. “चार ओळी लिही. काय झालं, किती दिवस, आता कसं आहे. रडगाणं नको आणि प्राध्यापक खडूस होता हे तर नकोच नको.”

काय झालं ते लिहायचीच तर चोरी होती. त्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे तिच्या वडिलांचं, रॉलीचं, लायसन्स गेलं. तीन महिने ती वर्ग बुडवून रोज त्यांना साठ मैलांवर डुलुथला उपचारांना नेत होती. खाणीच्या त्या एवढ्याशा गावात तिने सगळ्यांना सांगितलं, बाबांची पाठ धरलीय. शेजारच्या कोर्पीबाईंनी बिचाऱ्यांनी शेकायची पिशवीही आणून दिली. आणि बाबांना सांगितलं, अभ्यास उत्तम चाललाय.

शेवटी तिने लिहिलं, ‘कौटुंबिक आजारपणामुळे’. लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच राहिला आणि रॉलीने जेवता जेवता वाचलं.

“कुणाचं आजारपण?”

ब्रिटाने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तोवर त्याने वरचे मार्कही वाचले होते.

“तू नापास झालीस? माझ्यापायी?”

रॉलीने ताट बाजूला सारलं.

“ते खोड,” तो म्हणाला. “बाप दारू प्यायचा असं लिही.”

“बाबा, परकी माणसं वाचतील ते!”

“मग दर गुरुवारी चर्चच्या तळघरात, दारू सोडणाऱ्यांच्या सभेत, परक्यांसमोर उभा राहून मी काय सांगतो? पत्ते खेळायला जातो असं वाटलं तुला?”

तिने चार ओळी लिहिल्या. वडील दारू पीत होते, तीन महिने मी त्यांना उपचारांना नेलं, वर्ग बुडले. आज साडेपाच वर्षं ते प्यायलेले नाहीत. लिहिताना तिच्या लक्षात आलं, शेवटची ओळ तिला केव्हापासून कुणाला तरी अभिमानाने सांगायची होती.

मार्चमध्ये प्रवेश मिळाला. एप्रिलमधल्या एका गुरुवारी रॉलीला त्या सभेत दारू सोडून सहा वर्षं झाल्याचं नाणं मिळणार होतं. “येशील?” एवढंच त्याने विचारलं.

तळघरात पाऊल टाकताच ब्रिटाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिसऱ्या रांगेत कोर्पीबाई बसल्या होत्या.

“काय गं, पाठ कशी आहे बाबांची?” त्या मिश्कीलपणे म्हणाल्या. “अगं, त्यांच्या आधीपासून येतेय मी इथे. बस माझ्याजवळ.”

रॉली उभा राहिला. “मी रॉली. मी दारुडा.”

“नमस्कार, रॉली!” सगळे एका सुरात म्हणाले.

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि ब्रिटाच्या त्या चार ओळी वाचल्या. अडखळत, एकदा चष्मा पुसून.

“दरवर्षी इथे मी सगळ्यांचे आभार मानतो,” तो म्हणाला. “कॉफी करणाऱ्या डेलचेसुद्धा. गाडी कोण चालवत होतं, ते मात्र कधी बोललो नाही. त्याची किंमत काय पडली, ते मलाच आता कळलं.”

तो रांगांमधून चालत आला आणि नुकतंच मिळालेलं नाणं त्याने ब्रिटाच्या हातात ठेवलं.

“आभारी आहे, पोरी.”

ब्रिटाने नाणं मुठीत मिटलं. कोर्पीबाईंनी आपला रुमाल तिच्यापुढे धरला.