काहिलीखालचा जाळ

मित्रांनो, मला पालथी घातलीय आणि पाठीवर कोंबड्या बसतात, म्हणून मला कोंबड्या झाकायचं डालगं समजू नका. मी काहील आहे. राहात्याच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला गोजरबाईचं गुऱ्हाळ होतं. तिथं उसाचा रस माझ्यात कढायचा आणि गूळ व्हायचा. मी जुनी आहे, पण अजून एकट्यादुकट्यानं हलत नाही.

लोहारानं पत्र्याला पत्रा जोडून मला ठोकून ठोकून घडवली. ठोके खाऊन जन्माला आलेली वस्तू गोड बोलत नसते, गोड शिजवते. गोजरबाईही तसलीच. नवरा गेल्यावर भावकीनं सांगितलं, गुळव्याचं, म्हणजे पाक पारखायचं, काम बाईचं नव्हे. तिनं उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला, बोटानं दाबून पाहिला आणि म्हणाली, "उतरा." गड्यांनी मला उतरवलं. तेव्हापासून काहिलीपाशी तिचाच शब्द चालला. वाटेनं जाणाऱ्याला रस फुकट, आणि मध्येच बोलणाऱ्याला शिव्याही फुकट.

माझ्याखाली चुलवाण होतं, म्हणजे जमिनीत खणलेली मोठी चूल. तिच्या तोंडाशी खड्ड्यात बसून मालनबाई चिपाडं सारायची. तोंड भाजून निघायचं, डोळे लाल व्हायचे. लोक बाजारात म्हणायचे, "गोजरबाईचा गूळ लई भारी." मालनबाईचा जाळ लई भारी, असं कुणी म्हणालं नाही. कारण ती खड्ड्यात असायची, आणि खड्ड्यात बघायला वाकावं लागतं.

मग बाहत्तर सालच्या जानेवारीत एक सरकारी माणूस आला आणि उसाच्या चरकाला कुलूप घालून गेला. या भागातला ऊस कारखान्यालाच घालायचा, गुऱ्हाळ चालवायचं नाही. ऐका आता. बेणं आपलं, पाणी आपण धरलेलं, पाचटानं हात चिरले ते आपले, आणि ऊस कुठं न्यायचा ते खुर्चीत बसलेल्यानं सांगायचं. माझी कड नुसत्या रागानं तापली.

"माझ्या जिवंतपनी हे कुलूप राहायचं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "उद्या एक आदण, एक काहीलभर गूळ, काढून दावते. गुऱ्हाळ चालतं हाय, हे गावानं बघू दे."

दुसऱ्या दिवशी तिच्या मदतीला तिघं आले. तिचा पुतण्या गोरक्ष, मोठा बागाईतदार. शाळेतले रविकांत मास्तर, खादीवाले. आणि छगन, मालनबाईचा लेक, नगरला कॉलेजात शिकून लाल झेंडा घेऊन आलेला. एरवी या तिघांचं चहाच्या साखरेवरही जमत नसे. पण सरकारनं माणसाच्या मानेवर बसू नये, यावर तिघांचं एकमत. तिघांनी मिळून कुलूप फोडलं. खरं सांगते, त्या क्षणी तिघंही मला आवडले.

रस कढायला लागला आणि यांची तोंडंही.

"काकू, गुऱ्हाळ मला विका," गोरक्ष म्हणाला. "ज्याची वस्तू त्याची मर्जी. सरकारनं मधी पडूच नये. मी कोर्टात भांडतो."

"विकायचं कशाला?" मास्तर म्हणाले. "गावाच्या हवाली करा. गाव एकत्र बसून ठरवील. वरून हुकूम देणारं कुणी नकोच."

"गाव म्हंजे गावातले मोठे," छगन म्हणाला. "राबणाऱ्यांचं करा. मालक नको आन् सरकारबी नको."

गोजरबाईनं मळी काढायचा झारा माझ्या कडेवर आपटला. "सरकारनं नुसतं कुलूप घातलं. तुमी तर गुऱ्हाळच उचलाया आलाय."

तेवढ्यात मालनबाई खड्ड्यातून वर आली. पदरानं तोंड पुसलं.

"मघाधरनं ऐकतीय," ती म्हणाली. "यातलं माझं मोकळंपन कंचं?"

"तुला कुणी बांधलंय?" गोरक्ष म्हणाला. "काम पटत न्हाई तर दुसरीकडं जा."

"दुसरीकडं कुठं? तुमच्याच मळ्यात ना?"

"मालनबाई, गावाच्या बैठकीत तुम्हीही बोला," मास्तर म्हणाले.

"बैठक पारावर असती, मास्तर. आमच्या बायांना तिथं कवा बसाया सांगितलं?"

छगन पुढं झाला. "आये, माझ्या म्हनन्यात सगळे सारखे."

"मग उतर की खाली, बाबा."

छगननं आपल्या पांढऱ्या विजारीकडं पाहिलं. मालनबाईनं रसाचा तांब्या घेतला आणि बाभळीखाली जाऊन बसली.

जाळ पडला. माझ्यातली उकळी खाली बसली. "जाळ," गोजरबाई ओरडली. "आदण बिघडलं तर गाव हसंल, आन् कुलूपवाला त्याहून जास्त." गोरक्ष म्हणाला, मजूर बघतो. मास्तर म्हणाले, पाळ्या लावू. छगन म्हणाला, हे काम बाईनंच का करायचं, हा मूळ प्रश्न आहे. मित्रांनो, मला तोंड असतं तर तिघांवर उकळता रस थुंकले असते.

गोजरबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग बाभळीकडं. सगळा जन्म जिला "ए मालन, जाळ" एवढंच म्हणाली, तिच्याकडं. कासोटा खोचला आणि खड्ड्यात उतरली. पहिल्याच चिपाडाला हात भाजला, तरी सारत राहिली.

खालून आवाज आला, "मालन, पाक बघ. तू म्हनशील तवा उतरायची."

मालनबाई उठली. थेंब पाण्यात टाकला, दाबला, परत टाकला. आणि म्हणाली, "उतरा." त्या तिघांनी गड्यांच्या जोडीनं मला उचललं. कुणी वाद घातला नाही.

गूळ बसला नाही. काळा आणि सैल झाला. आठवड्यातच चरकाला मोठं कुलूप आलं. पुढचा पावसाळा कोरडा गेला, ऊसच उरला नाही, आणि मी पालथी पडले. गोजरबाई गेली तेव्हा उशाशी मालनबाई बसली होती, हे मात्र मी इथूनच पाहिलं.

आता माझं मागणं. मला घासा, तेलाचा हात लावा, या कोंबड्या हाकला. माझ्याभोवती उभं राहून मोकळेपणावर बोलायचं तर खुशाल बोला, मला ते ऐकायला आवडतं. पण आधी वाका आणि चुलवाणात कोण बसलंय ते बघा. कुणीच नसेल, तर बोलणं थांबवा आणि खाली उतरा. पाळी तुमची आहे.