कुशीवर निजवलेला बीम

पाना मुक्याच्या कानाला चाटून गेला आणि मागच्या शटरवर असा आपटला, की गॅरेजमधली माणसं जागच्या जागी थिजली.

"खांब नको म्हणजे नको!" दादा ओरडला. "बावीस फूट मोकळं पाहिजे मला. मधे खांब उभा केलास तर गाड्या काय डोक्यावरून फिरवू?"

मुका हे नाव दादानेच ठेवलेलं. धाकटा भाऊ कमी बोलतो म्हणून. बोलून सांगणार तरी कुणाला? दादाचा राग कायम नाकावर आणि मार मात्र मुक्याच्या नाकावर. ते दोनदा मोडलं होतं. एकदा नवव्या वर्षी, सायकल पंक्चर केली म्हणून, आणि एकदा ऐन तिशीत, चार गिऱ्हाइकांसमोर. आता मुका पन्नाशीला टेकला होता, गावभर त्याच्या वेल्डिंगला मान होता, पण दादाचा आवाज चढला की त्याचे खांदे आजही आपोआप वर जात.

पण गॅरेजवर ज्या खोल्या चढणार होत्या, त्यांत पुतण्या राहायला येणार होता. बायको आणि चार महिन्यांचं बाळ घेऊन. म्हणून मुका त्या दिवशी बोलला.

"खांब नको तर बीम सोळा इंची लागेल. त्याहून कमी आणलास तर मी हात लावणार नाही."

"आण तुझा सोळा इंची. जीव खाऊ नकोस."

लोखंडाच्या वखारीत मुक्याने अर्धा दिवस घालवला. प्रत्येक बीमच्या टोकाशी तो पोटावर पडे, एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघे, मग हातोडीने ठोकून कान देई. तीन नाकारले.

"मिस्त्री, बीम घेताय की सोयरीक जमवताय?" वखारवाल्याने विचारलं.

"सोयरीक मोडता येते," मुका म्हणाला.

चौथा पसंत पडला. त्याने त्यावर पांढऱ्या रंगाने बाण काढला आणि लिहिलं, 'ही बाजू वर'. फूटपट्टी कडेवर उभी धरली तर भार घेते, सपाट धरली की लवते. बीमचंही तेच.

बीम दोन्ही भिंतींवर बसला आणि नेमकी टपावर शिडी असलेली उंच व्हॅन त्याला खालून अडकली. दहा इंच कमी पडत होते.

"शिडी काढून ठेव," मुका म्हणाला. "बीम हलणार नाही."

उत्तरादाखल जॅकचा दांडा त्याच्या पाठीत बसला. मुका हत्यारं गोळा करून घरी गेला आणि तीन महिने तिकडे फिरकला नाही. तेवढ्यात वरच्या खोल्या बांधून झाल्या आणि पुतण्या राहायलाही आला. दादाही बोलवायला आला नाही. माफी हा शब्द त्या घराने कधी ऐकलाच नव्हता.

मग एका दुपारी पुतण्याची बायको त्याच्या वर्कशॉपच्या दारात उभी राहिली.

"काका, आमचं एक दार घासून द्याल? मागच्या आठवड्यापर्यंत नीट लागायचं. आता अर्ध्यावरच अडतं. बाबा म्हणतात, दमट हवेने फुगलंय."

"दार कशाचं आहे?"

"पत्र्याचं."

मुक्याने तोंडावरचा मुखवटा काढून फेकला. "बाळ कुठंय?"

"आईंजवळ. वरच. का हो?"

तो घण उचलून धावत सुटला होता.

गॅरेजचं छत नव्या प्लायने झाकलेलं होतं. मुक्याने गाडीच्या बोनेटवर चढून पहिला घाव घातला. प्लाय फाटला, खिळे अंगावर पडले. दुसऱ्या घावाला आतला बीम दिसला. पांढरा बाण शेजारच्या भिंतीकडे वळलेला होता. सोळा इंच उंचीचा, सहा इंच रुंदीचा बीम कुशीवर निजवला होता, तेवढीच दहा इंच जागा मिळावी म्हणून. मधोमध त्याला तीन इंचांची झोळ आली होती.

"वहिनी!" मुका ओरडला. असा आवाज त्याच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. "बाळाला घेऊन खाली ये! आत्ताच्या आत्ता!"

दादा आतून धावत आला. "माझं घर फोडतोस?"

"प्लाय कधी मारलास?"

"सोमवारी," मागून गॅरेजमधला मेकॅनिक पुटपुटला.

म्हणजे दादाने झोळ पाहिली होती. पाहिली, आणि झाकली. आपली चूक धाकट्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ती त्याला सोपी वाटली होती.

वहिनी बाळाला छातीशी धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर आली. "कुणी खाली उतरायचं नाही!" दादा गरजला, आणि ती थांबली. तीस वर्षं ती अशीच थांबत आली होती.

जॅकचा दांडा उठला आणि मुक्याच्या उजव्या हातावर उतरला. बोटांची हाडं मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. घण खाली पडला. दांडा पुन्हा उठला, आणि या वेळी मुक्याने डोकं खाली घालून दादाच्या नाकावर धडक दिली. दादा ऑइलमध्ये उताणा पडला. मुका त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला, डाव्या हाताने त्याने गळा धरला.

"त्यांना खाली बोलव."

दादाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मुक्याने पकड घट्ट केली.

"बोलव, दादा. नाहीतर आज मी तुला सोडत नाही."

दादाचा चेहरा निळा पडत गेला. वर खिडकीची काच कुणी हात न लावता तडकली. दादाचे डोळे तिकडे गेले.

"या," तो कसाबसा म्हणाला. "या खाली."

वहिनी उतरली. दोघा भावांना वळसा घालून ती रस्त्यावर गेली, तेव्हा कुठे मुक्याने हात सोडला. जिंकल्याचा आनंद त्याला मुळीच झाला नाही. मोठ्या भावाच्या गळ्यावर आपल्या बोटांचे वळ बघून त्याला लाज वाटली.

मेकॅनिकने होते नव्हते तेवढे जॅक आणि लाकडी ओंडके बीमखाली लावले. वखारीतून लोखंडी खांब आला. दुसरा वेल्डर आला, वर बघितलं आणि म्हणाला, "मी नाही बाबा या खाली उभा राहणार." तो निघून गेला.

मुक्याने उजवा हात फडक्यात गुंडाळला आणि डाव्या हाताने वेल्डिंगचा होल्डर उचलला. खांब ओळंब्यात सरळ उभा धरायला कुणीतरी हवं होतं. दादा उठला. नाकातून रक्त ठिबकत होतं, ते त्याने बाहीला पुसलं, आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून त्याने तोंड फिरवलं.

"हलू नकोस," मुका म्हणाला.

डाव्या हाताने वेल्डिंगची ओळ वेडीवाकडी जात होती. इतकं वाईट काम मुक्याने शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. ठिणग्या दादाच्या उघड्या मनगटांवर पडत होत्या, केस जळल्याचा वास येत होता. ओळ पुरी व्हायला बराच वेळ लागला. दादा हलला नाही.