कांबळ्याखाली

"सोड," त्सेलिसो म्हणाला.

मातेबोहोने नवऱ्याच्या मांडीवरचा हात काढला. घोडीच्या दुसऱ्या अंगाने चालणाऱ्या मदतनीस पुलेनेही काढला. नालेली, मिशनची ती करडी म्हातारी घोडी, थोडीशी पुढे गेली आणि आपणहून थांबली. तिच्या पाठीवरचा त्सेलिसो डावीकडे, बायकोच्या अंगावर कलला होता.

"मी थांब म्हटलं का हिला?" त्सेलिसो खेकसला. "घोडी म्हणतात होय हिला! बाकड्याला शेपूट डकवलंय नुसतं."

लगाम धरून पुढे चालणारी लिम्फो हसली. अपंगांना घोड्यावर बसवून त्यांच्या अंगात बळ आणायचं काम ती बरीच वर्षं करत होती, शिव्या खायची तिला सवय होती. वजन सरकलं की थांबायचं असं नालेलीला शिकवलंय, हे तिने त्याला पुन्हा एकदा सांगितलं. त्याने पुन्हा एकदा ऐकलं नाही.

दोघांनी त्याला सरळ केलं. त्याने डोक्यावरची गवताची टोपी नीट केली, छातीवरची कांबळ्याची मोठी पिन चाचपली. कांबळं खांद्यांपासून खोगिरावरून पार गुडघ्यांखाली आलं होतं. पहिल्याच दिवशी लिम्फोने त्याला कांबळं काढायला सांगितलं होतं, पाय दिसले पाहिजेत म्हणून. त्याने साफ नकार दिला होता. घोड्यावर बसलेल्या, आपल्या या डोंगरातल्या मोसोथो माणसाच्या अंगावर कांबळं नसलं तर तो एक तर चोर असतो नाही तर मेलेला असतो, असं त्याचं म्हणणं. शेवटी लिम्फोने नाद सोडला.

आणि खरंच, त्याच्या तरुणपणी घोड्यावर बसल्याशिवाय एकही दिवस गेला नव्हता. मग खाणीतलं काम, मग मणक्यातला तो रोग. आधी पावलं बधिर झाली, मग पोटऱ्या, मग गुडघे. सीमेपलीकडच्या मोठ्या डॉक्टरने सांगितलं होतं की रोग तिथेच थांबेल किंवा वर चढेल, आपल्या हातात काही नाही. गेले काही महिने तो थांबलेला वाटत होता. मांड्या जाग्या होत्या. मांड्या जाग्या असतील तर घोडा कळतो, घोडा कळला तर माणूस बसू शकतो, आणि बसू शकला तर घरी जाऊ शकतो, एवढा सरळ हिशोब होता.

घर म्हणजे हा-मोखात्ला, वर मालोतीच्या डोंगरात. तिथे गाडी जात नाही. घोड्यावर दिवस मोडतो, आणि शेवटची वाट कड्याच्या पोटातून, एका घोड्यापुरती. तिथे त्याची आई होती, मेंढ्या होत्या, आणि लेहालिमा होता, त्याचा स्वतःचा घोडा. खाली गावात बहिणीच्या घरच्या मागच्या खोलीत तो दोन हिवाळे भिंत बघत पडला होता. डोलीत घालून नेऊ, असं धाकट्या भावाने, थुसोने, एकदा सुचवलं होतं. घोड्याला बांधून नेऊ, असंही म्हणाला होता.

"पोत्यासारखं बांधून नेणार असाल तर त्या कड्यावरून ढकलून द्या," त्सेलिसो म्हणाला होता. "निदान ओझं तरी कमी होईल घोड्याचं."

आता शनिवारी थुसो लेहालिमाला घेऊन खाली यायचा होता.

"चला," तो म्हणाला. "आणि या वेळी कुणी मला शिवायचं नाही. ऐकलंस का, मातेबोहो?"

"ऐकलं, न्ताते," ती म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आदराने म्हणायचा शब्द तो.

घोडी चालू लागली. ऑगस्टचा, हिवाळा सरतानाचा वारा रिंगणातली धूळ उडवत होता. कुंपणापलीकडे पीचची झाडं फुलली होती, पण एकाही झाडावर वाऱ्याने धड फूल ठेवलं नव्हतं. मातेबोहो चालताना नवऱ्याच्या कमरेकडे बघत होती. कंबर पुन्हा तिच्या बाजूला झुकायला लागली. आता घोडी थांबेल, आता हा चिडेल, मग संध्याकाळी जेवणार नाही. तिने विचार केला नाही. कांबळ्याखाली हात घातला आणि त्याची मांडी खालून धरून त्याला वर रेटलं.

आता तो ओरडेल म्हणून तिने मान खाली घातली.

तो ओरडला नाही. घोडी थांबली नाही. कोपरा आला, गेला.

"बघितलंस?" त्सेलिसो म्हणाला. "मला फक्त तुम्ही सोडायला हवं होतं."

मागच्या महिन्यात तिचं नुसतं बोट लागलं तरी त्याला कळायचं, माशी बसावी तसा तो वैतागायचा. तिने पकड घट्ट केली. तो गुणगुणत होता. मग तिने, स्वतःचीच घृणा वाटत असताना, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत त्याचं मांस धरलं आणि नखं रुतवून पिळलं.

त्याचं गुणगुणणं चालूच राहिलं. मेंढ्या हाकताना म्हणायचं जुनं गाणं होतं ते, मधले शब्द त्याला आठवत नव्हते.

लिम्फोने मागे वळून पाहिलं. मातेबोहोचा हात कोपरापर्यंत कांबळ्यात गेलेला तिला दिसला. मग तिची नजर मातेबोहोच्या चेहऱ्यावर गेली. ती पुन्हा समोर बघू लागली. पुले आधीपासूनच जमिनीकडे बघत होता.

त्सेलिसो मात्र बोलत सुटला होता. लेहालिमाला आधी थोडं चालवून दमवावं लागेल, तो फार मस्तीला आलेला असेल. आईला कळवायचं नाही, अंगणात एकदम जाऊन उभं राहायचं. मातेबोहोने मागच्या घोड्यावर बसायचं, आणि वाटेत बडबड करायची नाही. असं सगळं तो सांगत होता. मातेबोहो हो म्हणत होती. सांगावं तर हा माणूस पुन्हा त्या भिंतीपाशी जाणार, आणि या वेळी तिथून उठणार नाही. न सांगावं तर शनिवारी कड्यावर तिचा हात पोचणार नाही, तिथे शेजारून चालायला जागाच नाही. तिला रडायचं होतं, पण हात हलला असता.

रिंगणाच्या वरच्या टोकाला वारा थेट अंगावर आला. कांबळं फुगलं, उलटलं आणि त्याच्या छातीवर जाऊन आपटलं.

त्सेलिसोने ते खाली दाबायला हात घातला आणि थांबला.

खाली त्याची मांडी होती. तिच्यावर बायकोचा हात होता, बोटांची पेरं पांढरी पडलेली. पातळ पँटच्या कापडावर, जिथे चिमटा काढला होता तिथे, रक्ताचा एक लहानसा ठिपका उमटला होता.

तो त्या हाताकडे बघत राहिला. घोडी चालत राहिली. मातेबोहोने वर बघितलं नाही. त्याने आपला तळवा तिच्या हातावर ठेवला, तिच्या बोटांवरून सावकाश फिरवला, मग शेजारी स्वतःच्या मांडीवर ठेवून दाबला, आणि परत तिच्या हातावर आणला. तिला त्याचा तळवा ऊन लागला. त्याचं बोलणं कधी थांबलं ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग त्याने कांबळ्याची कड पकडली, ती तिच्या हातावरून नीट खाली ओढली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून गुडघ्याखाली खोचली.

उतरायच्या ओट्यापाशी लिम्फोने घोडी थांबवली.

"आज एवढं पुरे, न्ताते?"

"आणखी एक फेरी," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. थोड्या वेळाने, घोडीच्या कानांमधून समोर बघत, तो बायकोला म्हणाला, "थुसोला निरोप धाड. लेहालिमाला खाली आणू नको म्हणावं. त्यालाच राहू दे तो घोडा. रोज बसणारं कुणीतरी हवं त्याला, नाही तर बिघडतो."

"बरं, न्ताते."

लिम्फोने लगाम हलवला. नालेलीने पाऊल उचललं. तो किंचित कलला.

"सोडू नकोस," त्सेलिसो म्हणाला.