थोरलीचा फोटो

पडवीच्या वाशाला टांगलेली ही चिव्याची काठी दिसतेय ना, ती मी. बघणाऱ्याला वाटतं, कपडे वाळत घालायची असेल. नाही हो. मी गळाची काठी आहे, आणि एके काळी मी स्पर्धेला जाणार होते.

चिवा म्हणजे आमच्याकडचा भरीव, लवचिक बांबू. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत, बांधावरच्या बेटातून किशोरने मला तोडलं. शेकून सरळ केलं, तेल पाजलं, टोकाला दोरा बांधला. नदीवर दहाजण बसले तरी पहिला मासा किशोरलाच लागायचा. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू?

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. महाडला सलूनमध्ये बसल्या बसल्या त्याने पेपरात वाचलं, पुण्याकडच्या एका धरणावर गळाने मासे धरायची स्पर्धा आहे. मासा जिवंत तोलायचा नि परत पाण्यात सोडायचा. झालं, पठ्ठ्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. माशाच्या तोंडाला इजा कमी व्हावी म्हणून गळाचं उलटं टोक त्याने कानशीने घासून काढलं. मासे धरायचे, बादलीत जिवंत ठेवायचे आणि सोडून द्यायचे, असा सराव सुरू झाला. त्याची आई आवडी वैतागली.

"धरतोस नि सोडतोस? मग कालवणात काय तुझा पेपर घालू?"

पण स्पर्धेला फी होती, मुक्काम होता, आणि माझ्या बुंध्याला दोरा गुंडाळायचं चाक बसवावं लागणार होतं. म्हणजे स्पॉन्सर हवा. मला खांद्यावर टाकून किशोर महाडच्या बाजारपेठेत दारोदार फिरला. औषधवाला म्हणाला, "क्रिकेटचं असेल तर बोल." कापडवाला म्हणाला, "आमच्यात मासे चालत नाहीत." टूर्नामेंट म्हटली की आमच्या लोकांना टेनिस बॉलपलीकडे काही दिसतच नाही.

शेवटी सिमेंट-पत्र्याच्या दुकानातले गंगाधरशेठ तयार झाले.

"शर्टावर दुकानाचं नाव छापू. दुकानात तुझा मोठा फोटो लावू. पण हातात मासा असा पाहिजे, की गिऱ्हाईक बघत राहिलं पाहिजे." किशोरने जवळचे फोटो दाखवले. शेठ हसले. "ही तर बोटं आहेत रे. तुमच्या कोंडीत म्हणे मांडीएवढे मासे असतात?"

"ते देवीचे हायत, शेठ. तिथं कोन गळ टाकीत नाय."

"मी कुठे टाक म्हटलं? आपलं ऐकलं ते बोललो."

शहाणी माणसं अशीच बोलतात. काडी लावायची आणि हात झटकून मोकळं व्हायचं.

कोंड म्हणजे देवळाखालचा नदीचा खोल डोह. तिथल्या माशांना खायला घालायचा मान किशोरच्याच घराकडे, पिढ्यान् पिढ्या. दर मंगळवारी त्याचा बाप गोमाजी कुरमुरे घेऊन पायरीवर बसायचा, तळहाताने पाण्यावर तीनदा थापटायचा. मासे धावत यायचे. सगळ्यात पुढे थोरली. शेपटीचा वरचा शेंडा तुटलेली, जुनी, भली मोठी मासोळी. ती गोमाजीच्या हातातून खायची. आधी तिला, मग घरी न्याहारी, असा म्हाताऱ्याचा नेम.

फक्त एक फोटो काढू आणि सोडून देऊ, असं किशोरने स्वतःला पटवलं. भर दुपारी, वाडी जेवून आडवी झाली असताना, तो मित्राला कॅमेऱ्यासकट घेऊन कोंडीवर गेला. कुरमुरे नेले. पायरीवर बसला आणि बापासारखंच पाण्यावर तीनदा थापटलं.

थोरली आली. का नाही येणार?

मी वाकले तेव्हाच मला कळलं, ही झुंज नाही. एवढं मोठं जनावर, पण ओढलंच नाही तिने. हातातल्या लेकरासारखी वर आली. फोटो निघाला. किशोरने तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं, ती तळाशी गेली. मला माझीच लाज वाटली. तोवर मी स्वतःला शिकारीण समजत होते.

पुढच्या मंगळवारी गोमाजीने पाण्यावर थापटलं. एकही मासा वर आला नाही. त्याने पुन्हा थापटलं. कुरमुरे भिजून वाहून गेले. देवी कोपली म्हणून म्हाताऱ्याने उपास धरला, माझं काय चुकलं म्हणून देवळात नाक घासलं. किशोर हे सगळं बघत होता आणि गप्प होता. एवढा एक राग मला त्याचा अजून आहे.

पंधरवड्याने गोमाजी कौलांच्या जागी पत्रे बघायला महाडला गेला. गंगाधरशेठच्या दुकानात, भिंतीवर, हारासारख्या दिव्यांच्या माळेत त्याचा मुलगा हसत होता. हातात थोरली. तुटका शेंडा अगदी समोर.

तो घरी आला. भावकीला बोलावून त्याने कोंडीचा मान त्यांच्यातल्या भागोजीच्या घरी देऊन टाकला. कुणी मागितला नव्हता. किशोरने पाय धरले.

"बाबा, मी तिला जिती सोडली."

"सोडलीस रे. पन ती तुझ्या गळाला नाय आली. तिनं हाक माझी ऐकली व्हती."

बातमी डोंगरभर झाली. वाड्यांवरची गिऱ्हाइकं तुटतील म्हणून शेठनी दुसऱ्याच दिवशी फोटो उतरवला. "देवाच्या माशाला हात लावणाऱ्याचं नाव आमच्या दुकानाला नको," असं चारचौघांत म्हणाले. स्पर्धेच्या दिवशी किशोर पडवीत बसून होता.

पुढे किशोरचं लग्न झालं. सून दर्शना एकदा म्हणाली, "ही काठी टाकून देऊ का?" गोमाजी म्हणाला, "नको. ऱ्हाऊ दे डोळ्यासमोर." तेव्हापासून मी इथे टांगलेली.

म्हातारा जाऊन दोन वर्षं झाली. किशोर रिक्षा चालवतो, येता-जाता मान खाली घालतो, पण मला काढत नाही.

किशोर, बस कर आता. शिक्षा तुझी होती, मी उगाच सोबत भोगतेय. आणि उगाच तरी कसं म्हणू, वाकले तर मीच होते. बांबू चुलीत घालत नाहीत, ठाऊक आहे मला. मग नदीत सोड. मात्र कोंडीच्या वर नको, खालच्या अंगाला सोड. त्या माशांच्या समोरून मी कुठल्या तोंडाने जाऊ?