टाकीचे कुलूप

मित्रांनो, शनिवार पेठेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली मी एक जुनी मोटार आहे. जवळ या, पण हात लावू नका. माझे मालक शरच्चंद्र खिडकीतून बघत असतात.

माझा जन्म विलायतेतला. स्वातंत्र्यानंतर मी शरच्चंद्रांच्या दारी आले. तेव्हा माझे काय लाड होत! दसऱ्याला झेंडूची माळ, रोज मऊ फडक्याने पुसणे. खडकीचे दीनानाथ मिस्त्री नुसत्या आवाजावरून माझ्या कार्बोरेटरचे दुखणे ओळखत. त्यांच्यावर माझा फार जीव.

पुढे पेट्रोल महागले आणि मालकांच्या मनात पाल चुकचुकली. वयाबरोबर माझी तहान वाढली होती; त्यांना वाटले, कोणीतरी नळी घालून पेट्रोल चोरते. शेजारच्या अनंतरावांच्या स्कूटरकडे ते रोखून बघू लागले. शेवटी त्यांनी टाकीला कुलपाचे घट्ट झाकण बसवले आणि किल्ली जानव्याला अडकवली.

तेव्हापासून मी गुदमरू लागले. जुन्या झाकणाला बारीक भोक होते. त्यातून हवा आत येई, म्हणून पेट्रोल पुढे सरके. आता थोडे चालले की मी आचके देऊन बंद पडे. मला कारण ठाऊक होते, पण सांगणार कसे?

दीनानाथांनी कार्बोरेटर खोलला, त्यातले पेट्रोलचे बारीक जेट फुंकले, नळी साफ केली.

"साहेब, इथे कचरा नाही. टाकी बघतो. किल्ली द्या."

"किल्ली कशाला? माझा अस्सल कार्बोरेटर काढून नकली बसवलात, ते सांगा आधी."

दीनानाथांनी हात पुसले. "इतकी वर्षं गाडी सांभाळली. आज चोर झालो?"

ते गेले, ते परत आलेच नाहीत. मला फार वाईट वाटले.

अखेर मला भंगारात काढायचे ठरले. मालक आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई मला घेऊन निघाले, तर वाटेत पुलावर मी पुन्हा बंद पडले. भंगारवाल्याला फुकट पेट्रोल कशाला, म्हणून मालक टाकी रिकामी करायला उतरले. किल्ली फिरवून झाकण काढले, तोच टाकीने फुस्सकन हवा आत ओढली.

सुहासिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. "अहो, हिचं तर तुम्हीच नाक दाबून धरलं होतंत!"

टाकीच्या तोंडावर फडके बांधले, तशी मी सुरू झाले.

"आता खडकीला चला," बाई म्हणाल्या.

"तिथे काय आहे?"

"तुमचा चोर."

खडकीपर्यंत मी एकदाही अडखळले नाही. दीनानाथांच्या दारात मालक उतरले. त्यांनी जानव्याची किल्ली सोडली आणि दीनानाथांच्या हातावर ठेवली.

"झाकण द्या," दीनानाथ म्हणाले, "आणि पेट्रोल किती आहे ते बघून ठेवा, साहेब. नंतर वाद नको."

मालकांनी मान खाली घातली. दीनानाथांनी झाकणाला भोक पाडले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कुलूप खुशाल लावा, पण त्यांना श्वास घेऊ द्या. माणसांनाही. शरच्चंद्र अजून खिडकीतून बघत असतात. पण टाकीची किल्ली आता दीनानाथांच्या खुंटीवर असते.