आठ खुर्च्या आणि एक स्टूल

ऑफिसात तिला टेबलताई म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. घरांच्या आतली सजावट करून देणं हा तिचा धंदा, पण लोक तिला शोधत यायचे ते जेवणाच्या खोलीसाठी. बैठकीची खोली काय, कोणीही करून देतं. चार उशा टाकल्या आणि कोपऱ्यात एक रोपटं उभं केलं की झालं काम. घर कळतं ते जेवणाच्या टेबलावर, असं ती म्हणायची. ते खोटंही नव्हतं.

तिची एक पद्धत होती. कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी ती त्या घरी एकदा जेवायला जायची. पाण्यासाठी सारखं कोण उठतं, टीव्हीकडे तोंड करून कोण बसतं, सगळ्यांचं झाल्यावर ओट्याला टेकून उभ्या उभ्या कोण जेवतं, हे ती गुपचूप बघायची. मग हात धुऊन झाले की विचारायची, "तुमच्याकडे कोण कुठे बसतं?" साधाच प्रश्न, पण भलेभले गडबडायचे. एका घरात तर त्यावरून नवरा-बायकोची अशी जुंपली की ताईला आइस्क्रीम न खाताच काढता पाय घ्यावा लागला. "टेबल नंतर, माणसं आधी," हे तिचं वाक्य आता गिऱ्हाइकंच एकमेकांना ऐकवायची.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही आपल्याकडची जुनी खोड. ताईला ती जरा जास्त जडली होती, एवढंच.

तिची स्वतःची जेवणाची खोली बघण्यासारखी होती. मध्ये लांबट टेबल, कडा गोलसर घासलेल्या, म्हणजे येता-जाता कमरेला लागू नयेत. टेबलावर खाली सोडलेला एकच मोठा दिवा, असा की उजेड ताटात पडावा, डोळ्यांत जाऊ नये. भोवती आठ खुर्च्या, मलईच्या रंगाच्या, जाडसर मऊ कापडाच्या. स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामध्ये सरकतं दार होतं, उभ्या रेघांच्या काचेचं. त्या काचेतून उजेड यायचा, पण पलीकडचा माणूस ओळखू येत नसे. नुसता एक पुसट आकार हलताना दिसे.

तो आकार बहुतेक वेळा बाबांचा असे.

आई गेल्यावर बाबा लेकीकडे राहायला आले. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेलेला माणूस. लेकीच्या हाताला धरून रेघ ओढायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्यांचाच हात थरथरायचा. गंमत अशी की स्वयंपाक करताना काही अडायचं नाही. "ढवळायचंच तर असतं, हात आपणहून ढवळतो," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. घोटाळा जेवताना व्हायचा. चमचा वाडग्यातून निघायचा तेव्हा ठीक असायचा; तोंडाजवळ येता येता त्याला काय व्हायचं कोण जाणे, निम्माअर्धा रस्त्यातच सांडायचा.

नव्या खुर्च्या आल्या त्याच आठवड्यात बाबांच्या हातून सूप सांडलं. ताई "काही नाही, बाबा" म्हणाली, पण म्हणता म्हणता उठली आणि फडकं घेऊन अशी काही घासत बसली की बाबांनी उरलेलं सूप तसंच ठेवलं. दुसऱ्यांदा सांडलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे कापड फार नाजूक आहे हो. डाग पडला की पडला, धुता येत नाही." आणि मग स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी एक स्टूल आलं, समोर एक छोटी फळी. "इथे उजेड छान येतो. निवांत बसा, घाई नको." बाबा म्हणाले, "वा, झकास जागा आहे." तेव्हापासून ते तिथेच जेवायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, "बाबा इकडे का नाही बसत?" ताई म्हणाली, "त्यांनाच तिथे बरं वाटतं." हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं की तिला ते खरंच वाटायला लागलं होतं.

तर एक दिवस दातांची एक डॉक्टरीण आली. नवं घर बांधत होती आणि त्यात तिला सगळ्यात आधी जेवणाची खोली हवी होती, कारण सासूबाई आता त्यांच्याकडेच राहणार होत्या. "त्यांना दिसतं कमी, पण बोलतात भरपूर," डॉक्टरीण म्हणाली. "त्या आमच्यात बसल्या पाहिजेत, अगदी मधोमध. पण ताई, त्याआधी आम्हाला तुमची खोली बघायचीय." ताईने मोठ्या हौसेने दोघींना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

शनिवारी तिने बाबांना विचारलं, "उद्या तुमचं ते भोपळ्याचं सूप कराल?" बाबा खूश झाले. मग ती भांडी आवरता आवरता, पाठमोरीच राहून म्हणाली, "आणि तुम्ही आधी जेवून घ्या हं, बाबा. आमच्या कामाच्या गप्पा लांबतील, उगाच ताटकळाल."

"हो हो, मी आपला आधीच जेवीन," बाबा म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की ताईला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं याची तिला तेव्हाच लाज वाटायला हवी होती.

रविवारी पाहुण्या आल्या. सासूबाई ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, काठी टेकत आल्या आणि आल्या आल्या खुर्चीवर हात फिरवून म्हणाल्या, "अगं, ही खुर्ची आहे की मांजर?" सगळे हसले. ताई रंगात आली. दिवा किती खाली का, कडा गोल का, बाकाऐवजी खुर्च्या का, सगळं सांगत सुटली. "टेबल नंतर, माणसं आधी," हेही म्हणून झालं. "आमचं साधं आहे. या टेबलावर घरातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली आहे," ती म्हणाली. नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला.

सूप वाढलं. सासूबाईंचा कोपर वाडग्याला लागला आणि वाडगं कलंडलं. केशरी ओघळ टेबलावरून थेट खुर्चीवर.

"आई! अहो, बघा ना जरा!" डॉक्टरीण धडपडत उठली. "अरे देवा, एवढी सुंदर खुर्ची!"

"छे, छे, बसा हो!" ताई हसत हसत म्हणाली. "काही होत नाही. खोळ निघते, मशीनमध्ये टाकली की जशीच्या तशी. धुण्यासारखंच कापड घेतलंय मी, घर म्हटलं की सांडणारच."

बोलून झालं आणि तिची नजर काचेच्या दाराकडे गेली. दार बोटभर उघडं होतं. पलीकडचा आकार जागच्या जागी थांबला होता. मग दार सरकलं आणि बाबा बाहेर आले. अंगात एप्रन, हातात ओलं फडकं. कोणी काही म्हणायच्या आत ते गुडघ्यावर बसले आणि खुर्ची टिपू लागले, थरथरत्या हाताने, हलके हलके.

"अहो, राहू द्या, मीच सांडलं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "सूप तुम्ही केलंत का? उरलेलं चाखलं मी. फार छान झालंय."

"आवडलं ना? मग झालं," बाबा म्हणाले.

"माणूस चांगला मिळालाय हं तुम्हाला," डॉक्टरीण ताईला म्हणाली. "आमच्याकडे एक स्वयंपाकी टिकेल तर शपथ."

आता बोलायचं. अहो, हे माझे वडील. एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्यापुढचा प्रश्न ताईला लख्ख दिसत होता: मग ते आपल्यात का नाही बसले? ठरलेल्या जागांचं पुराण नुकतंच सांगून झालं होतं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, तिने ताटाकडे बघितलं.

सासूबाईंनी बाबांनाच विचारलं, "किती वर्षं आहात हो यांच्याकडे?"

बाबा फडक्याची घडी घालत होते. त्यांनी लेकीकडे बघितलं. रागाने नाही; एखादं पोर पाठांतरात अडलं की मास्तर बघतात तसं. मग म्हणाले, "ही जन्मली तेव्हापासून."

"अगबाई! म्हणजे घरातलेच झाले की!" डॉक्टरीण म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. "अगदी घरातलेच."

बाबा उठले, आत गेले आणि त्यांनी दार अलगद ओढून घेतलं.

पुढचं जेवण कसं पार पडलं ते तिचं तिला माहीत. पाहुण्या निघाल्या तेव्हा काम पक्कं झालं होतं आणि पुढच्या आठवड्यात ताईने पद्धतीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला जायचंही ठरलं होतं. दार लावल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "मी बोलणार होतो. पण वाटलं, तू बोलशील." त्याच्यावर खेकसायला तरी तोंड हवं ना. ते तिला नव्हतं.

बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. "काम मिळालं का गं?"

"बाबा, ओरडा ना माझ्यावर."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला ठाऊक आहे कशाबद्दल. तुम्ही तरी सांगायचंत ना त्यांना!"

"मी?" बाबा म्हणाले. "अगं, तुझं गिऱ्हाईक. तू काय सांगायचं ठरवलंयस ते मला काय माहीत? मधेच मी काहीतरी बोलायचो आणि तू तोंडघशी पडायचीस." मग जरा थांबून, अगदी सहज, "कापड धुतलं जातं म्हणे. बरं झालं. मला उगीच काळजी वाटायची."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बाबांच्या हाताला धरून म्हणाली, "आजपासून तिकडे बसा. माझ्या शेजारी." बाबांनी ऐकलं. संध्याकाळी ते टेबलापाशी आले, खुर्ची ओढली आणि बसण्याआधी तिच्यावर जुना टॉवेल नीट चारी बाजूंनी पसरला. मग खुर्चीच्या काठावर टेकल्यासारखे बसले. वाडग्यात सूप होतं तरी नुसता पाव खाल्ला. "पोट भरलं," म्हणाले. चमचा त्यांनी उचललाच नाही.

त्या टॉवेलने ताईची झोप उडवली. तिने तो दुसऱ्या दिवशी लपवून ठेवला तर बाबांनी दुसरा शोधून काढला. माणसाला टेबलावरून उठवायला एक वाक्य पुरतं. परत बसवायला किती लागतात, हे टेबलताईला कोणी शिकवलं नव्हतं.

ठरल्या दिवशी ती डॉक्टरणीकडे गेली. जुनं घर, अडचणीची खोली, चार तऱ्हेच्या चार खुर्च्या. सासूबाईंच्या समोर प्लास्टिकचा तुकडा अंथरलेला, त्यावर ठिकठिकाणी डाग, आणि कोणाचं तिकडे लक्षही नव्हतं. सासूबाई सांडत होत्या, बोलत होत्या, सुनेला चिडवत होत्या. हात धुऊन झाले. डॉक्टरीण उत्सुकतेने म्हणाली, "हं ताई, विचारा आता तुमचा तो प्रश्न."

ताईने तोंड उघडलं. "तुमच्याकडे कोण..."

"मला विचारता येणार नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी खुर्ची पुसायला आले ते स्वयंपाकी नव्हते. माझे वडील आहेत. सांडतात म्हणून मी त्यांना आत बसवते. तुम्ही विचारलंत आणि मी त्यांच्यासमोर... मी घरातलेच म्हटलं." तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. कसलं हलकं! उलट ऐकणारे वाढले, लाज तेवढीच वाढली.

डॉक्टरीण उगाच पेले गोळा करू लागली.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी नव्हतं कळलं, त्यांनी उत्तर दिल्यावर कळलं. म्हटलं, पोरगी आता बोलेल, मग बोलेल. नंतर आपण तरी कसं बोलायचं?"

"कसं कळलं तुम्हाला?" ताईने विचारलं. "तुम्हाला तर..."

"दिसत नाही, असंच ना? अगं, माझ्या खुर्चीशी बसले होते ते, एवढ्या जवळचं दिसतं मला. पोरी, स्वयंपाकी बाहेर आला की पाहुण्याच्या ताटाकडे बघतो, आवडलं की नाही ते. त्यांनी माझ्या वाडग्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मान वर झाली की सारखे तुझ्या वाडग्याकडे बघत होते, पोर जेवली का ते. उत्तर ऐकलं तेव्हा त्या बघण्याचा अर्थ लागला. ते भरलेलंच होतं ना?"

ताईने आठवायचा प्रयत्न केला. सगळ्यांना वाढलेलं आठवलं, दिव्याबद्दल बोललेलं आठवलं. सूपचा एक घोटही घेतलेला आठवेना.