डाव्या वळणाची सायकल

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी पहाटे नत्थूजींना स्वप्न पडलं. डोक्याला फेटा, बुडाखाली सायकल, मागे कॅरियरवर बायको वच्छला, आणि समोर आमच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. नत्थूजींनी ते सकाळीच अख्ख्या सौंसरला सांगितलं आणि वच्छलेला वचनही देऊन टाकलं. सायकल घरात होतीच, सासऱ्यांनी लग्नात दिलेली.

मी त्यांची शेजारीण. स्वप्नं सांगत फिरणाऱ्या माणसांचा मला भारी राग आहे, आणि नत्थूजी म्हणजे त्यांचे पाटील. "कधी निघता भाऊजी?" विचारलं की एकच उत्तर, "पोळा झाल्यावर पाहू." पोळे आले नि गेले. सायकलीला दर दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. नऊ वर्षांत पूजा नऊदा झाली, चाक एकदाही फिरलं नाही. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! वच्छला मात्र दर पोळ्यानंतर ठेवणीतलं हिरवं लुगडं काढायची, उन्हात टाकायची आणि चार दिवसांनी परत घडी घालून ठेवायची. मला ते बघवत नसे.

मग छप्पन सालची बातमी आली. एक नोव्हेंबरपासून नागपूर मुंबई राज्यात, आपण मध्य प्रदेशातच, आणि आपली राजधानी भोपाळ. गावात कोणी हळहळलं, कोणी भांडलं. वच्छला सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अवो, एकतीस तारखेच्या आत नेता का मले? मंग ते कायची राजधानी?"

"पोळा झाल्यावर..."

"पोळा कालच झाला!"

नत्थूजींचं घोडं पहिल्यांदाच अडलं. सायकल त्यांना येतच नव्हती. रस्त्यावर शिकावं तर लोक हसतील, म्हणून त्यांनी ती शेतातल्या खळ्यावर नेली. खळ्याच्या मधोमध मळणीचा खांब. त्याच्याभोवती बैल फिरतात तसे हे फिरू लागले, रोज सकाळी, डावीकडून. मी कुंपणातून डोकावले तर ओरडले, "मी शिकून राहिलो! पाहू नका!" दोन महिन्यांत गडी तरबेज झाला. पण फक्त डाव्या वळणाचा. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

एकतीस ऑक्टोबरच्या सकाळी दोघं निघाली. आधी शिदोरी मग जेजुरी, म्हणून वच्छलेनं भाकरी-ठेचा बांधून घेतला होता. अंगावर हिरवं लुगडं. आम्ही सगळे निरोपाला उभे. रस्ता उजवीकडे वळला आणि नत्थूजी वळलेच नाहीत. सरळ रामाजींच्या संत्र्याच्या बागेत.

"संत्री आंबट हायेत अजून, नत्थूजी!" रामाजी आतून ओरडले.

पुढच्या उजव्या वळणावर ते कपाशीत शिरले आणि फेट्याला बोंडं लावून बाहेर आले. मग त्यांनी युक्ती काढली. उजवीकडे जायचं तर डावीकडून पाऊण चक्कर मारायची. असं गरगरत दोघं दुपारी बोरगावला पोचली. तिथं वळण उजवं, रस्ता अरुंद आणि दोन्हीकडे नाली. चक्कर मारायला जागाच नव्हती. नत्थूजी दगडावर बसले.

"वच्छले, राहू दे. आता पोळा झाल्यावर..."

वच्छलेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच रागही आला. तिनं लुगडं खोचलं, सायकल घेतली, टांग टाकली आणि ते वळण झोकात घेऊन दाखवलं. नत्थूजींचा आ वासलेलाच राहिला.

"तू कवा शिकली?"

"तुमी दुपारी झोपत होते तवा. त्याच खळ्यावर. तुमच्यावानी फिरलं का मले गरगरे, म्हणून मी उलटी फिरली."

म्हणजे हिला फक्त उजवी वळणं! मग काय, डावं वळण आलं की हे पुढे, उजवं आलं की ती पुढे. दर वळणाला उतरा, बदला, बसा. त्यात दिवस संपला. सावनेरला तिच्या मावशीकडे मुक्काम करावा लागला, आणि विधानसभेच्या इमारतीपुढे दोघं पोचली ती एक नोव्हेंबरच्या दुपारी.

"ही राजधानी का जी?" वच्छलेनं पहारेकऱ्याला विचारलं.

"कालपर्यंत होती, बाई."

नत्थूजी फूटपाथवर बसून चक्क रडले. "नऊ वर्षं मी पोळे मोजले, अन् एका दिवसानं हुकलो!"

वच्छलेनं इमारत खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतली. नवऱ्याच्या हातात उरलेली भाकरी दिली. मग म्हणाली, "भोपाळले वळणं कितीक हायेत?"

नत्थूजींच्या ओठांवर 'पोळा' आला होता. भाकरीबरोबर तो त्यांनी गिळला. "चाल," ते म्हणाले, "मोजूनच पाहू."

हे सगळं मला कळलं ते पुष्कळ नंतर. चार तारखेला मी अंगण झाडत होते, तर दोघं दारावरून गेली. थांबलीसुद्धा नाहीत.

"भाऊजी, घर इकडे राहिलं! कुठं चालले?"

"भोपाळले!"

स्वप्नाळू माणसांचा मला राग आहे, तरी त्या दिवशी माझा ऊर भरून आला. आमच्या घरापुढचं, भोपाळकडे जाणारं वळण उजवं आहे. हँडलवर वच्छला होती.